दाराकडे चोची

कोंबड्यांचं पालथं डालगं उचललं तर आत चार पिल्लं मेलेली होती, आणि चौघांच्याही चोची दाराकडे होत्या.

रक्ताचा टिपूस नाही, पिसं विस्कटलेली नाहीत, चोचीला फेस नाही. पाय पोटाशी घेऊन निजल्यासारखी पडली होती. एक उचलून मी तळहातावर घेतलं. मेलेल्या पिल्लाचे पाय फिके पडतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. याचे पाय जिवंत पिल्लाहूनही गुलाबी होते. उरलेली सात एका कडेला माना टाकून बसली होती. एरवी डालगं उचललं की जो कलकलाट व्हायचा, तो नव्हता.

"वैनी, काय झालं ओ?" बाजेवरनं शालननं विचारलं. शालन माझी नणंद, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आठ दिवसांची पोरगी तिच्या कुशीत गुंडाळलेली होती.

"काय न्हाय वन्सं, पाणी सांडलंय." मी चारही पिल्लं पदरात टाकली.

"माझं डोस्कं लई दुखतंय."

"जागरणानं हुतंय. निजा वाईच."

मी वळले तर दारात सासूबाई. त्यांना मी आत्ती म्हणत असे. आत्ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, पदराकडे बघत होत्या.

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची सडेवाडी पाटणच्या वर, सड्यावर. पौषात तिथं असा वारा सुटतो की बोलताना तोंडातला शब्द उडून जावा. त्या वर्षी सड्यावर पवनचक्क्या नव्यानं उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या पात्यांचा आवाज दिवसरात्र यायचा, कुणीतरी मोठं माणूस शेजारी झोपून श्वास घेतंय असा. पुढं सवय झाली, पण त्या थंडीत अजून झाली नव्हती.

त्याच वर्षी आमच्या कौलारू घराला लागून एक खोली वाढवली होती. वर स्लॅब, भिंतींना सिमेंटचा गिलावा, त्यावर आकाशी डिस्टेंपर, लोखंडी चौकटीत काचेची खिडकी. वाडीतली पहिली स्लॅबची खोली. लेकीची बाज तिथंच पडली पाहिजे, असा आत्तींचा हट्ट. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी ठेवून शेक देतात. पण गोवऱ्यांच्या धुरानं नव्या भिंती काळ्या होतील म्हणून आत्तींनी रानातून ऐनाचा कोळसा मागवला. धूर नाही, वास नाही, नुसती लालभडक धग. बाळाला बघायला आलेली बाई आधी भिंती बघायची, आणि आत्तींच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पिल्लं त्या खोलीत माझ्यामुळे गेली. माझी तुऱ्याची कोंबडी तेरा अंड्यांवर बसली होती, अकरा फुटली. तिसऱ्याच दिवशी रानमांजरानं तिला परड्यातून उचलून नेलं. आईविना पिल्लं सड्यावरच्या वाऱ्यात तग धरणार नाहीत, म्हणून मी आत्तींना विनवलं, शेगडीच्या उबेला कोपऱ्यात डालग्याखाली राहू द्या. आत्ती हो म्हणाल्या, कारण लेकीला सासरी जाताना दोन तलंगा, वाढीच्या कोंबड्या, देता आल्या असत्या.

माझ्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती. मूल नव्हतं, कोंबड्या होत्या. यावर कुणी हसलं तर हसू द्यावं, मीसुद्धा हसते. माझा नवरा जालिंदर ट्रकवर असायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्या घरात माझं म्हणावं असं फार काही नव्हतं. पिल्लं तेवढी माझी होती.

परड्यात मी खड्डा खणत होते, तेव्हा शेजारची तानूकाकी कुंपणावरून वाकली.

"मानमोडी आली का गं?"

"माना सरळ हायत्या काकी. हगवणबी न्हाय."

"मग बोका असंल."

"बोका मारून ठिऊन जाईल व्हय?"

काकी कुंपणाला वळसा घालून आली. खड्ड्याच्या कडेला ठेवलेली चार पिल्लं तिनं बघितली आणि दोन पावलं मागं सरली. "निजल्यागत दिसत्यात गं. कुण्या तोंडाला पडली हुती?"

मी खुळी. खरं सांगून बसले. "दाराकडं."

काकीनं पदर कपाळावर ओढला. "बाळंतिणीच्या खोलीत, वैजंते? आदी पिल्लं, मग..." पुढचं ती बोलली नाही. न बोललेलं ते वाक्य दुपारच्या आत आत्तींच्या कानावर गेलं होतं.

त्या दिवशी मी होतं नव्हतं ते सगळं बदललं. जुन्या कण्या टाकून नव्या चाळल्या. पाण्याची करवंटी घासली. डालग्याखालचं पोतं जाळलं, दुसरं घातलं. पाण्यात लसूण ठेचून घातला. माझ्या हातून काही चूक झाली असेल तर ती सापडावी, असं मनापासून वाटत होतं. चूक सापडली तर सुधारता तरी येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी तीन मेली. पुन्हा तसंच, पाय गुलाबी, तोंडं दाराकडे. उरलेल्या चारांना हातानं उभं केलं तर ती बाजूला कलंडत होती.

आत्ती बाजेपाशी बसल्या होत्या. त्यांचंही डोकं चढलं होतं, कपाळाला त्यांनी फडकं आवळलं होतं. त्या म्हणत, काळजीनं होतंय.

"वैजंते, ह्या दारात सारखं कोण उभं ऱ्हातं गं?"

मीच राहत होते. खोलीतली सगळी कामं माझ्याकडे होती, शेगडी भरण्यापासून दुपटी धुण्यापर्यंत, पण पोरगी माझ्या मांडीवर कुणी दिली नव्हती. म्हणून जाता-येता दारात थांबायची आणि तिच्याकडे बघायची. तिच्या कानाची पाळी, तिची मूठ. एवढंच.

"शालन रातीपासनं तीनदा वकली," आत्ती म्हणाल्या. "पोरगी अंगावर घ्येत न्हाय. वढायची ताकद न्हाय तिच्यात."

"आत्ती, खाली दवाखान्यात न्हेऊया का?"

"दवाखान्याचं न्हाय हे." त्यांचा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "आजपासनं तू ह्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा न्हाईस."

त्यानंतर त्यांनी खोलीचा बंदोबस्त केला. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. दाराखाली बोटभर फट होती, तिथं गोणपाटाची वळकटी घातली. शेगडीत दुप्पट कोळसा भरला आणि वर ओव्याची धुरी दिली. बाहेरचं काही आत शिरू नये म्हणून. मी सोप्यात उभी राहून हे ऐकत होते, एकेक फट बंद होताना.

मग मी स्वयंपाकघरात गेले आणि फडताळातल्या आरशात माझे डोळे बघितले.

हे सांगायला आजही लाज वाटते, पण सांगते. मला ते खरं वाटलं. कारण एक गोष्ट माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. पोरगी जन्मली त्या दिवशी शालन म्हणाली होती, मुलगा हवा होता. ते ऐकून मी मनात म्हटलं होतं, हिला नको असेल तर मला दे. एकदाच म्हटलं होतं, पण जीव ओतून. आता वाटायला लागलं की ती इच्छा माझ्यातून निघून त्या खोलीत फिरतेय. आधी लहान जीव घेतेय, मग मोठ्याकडे जाईल. आरशात डोळे नेहमीसारखेच होते. ते नेहमीसारखे होते याचं जास्त भय वाटलं.

दुपारी आत्ती तानूकाकीला घेऊन खालच्या वाडीतल्या देवऋष्याकडे निघाल्या. जाण्याआधी त्यांनी खोलीचं दार उघडून डालगं पायानं बाहेर ढकललं.

"ही तुझी धनं. ने."

चारही पिल्लं आडवी पडली होती.

"शालन आन् पोरगी निजल्यात. उठवू नगंस." त्यांनी दाराला बाहेरून कडी घातली आणि कडीला दोऱ्यानं बिब्बा-लिंबू बांधलं. "कडीला हात लावलास तर माझ्यासारखी वाईट न्हाय."

त्या गेल्या. मी पिल्लं ओंजळीत घेऊन परड्यात आले. धुणं धुवायच्या दगडावर चौघांना ओळीनं ठेवलं आणि कुदळ आणायला गोठ्यात गेले. ऊन होतं, पण वारा बोचरा होता. कुदळ अवजारांच्या मागं अडकली होती, ती काढता काढता थोडा वेळ गेला. मला रडायलाही येत नव्हतं.

परत आले तर दगडावर दोन पिल्लं उभी होती.

वाऱ्यानं त्यांची लव उलटी होत होती आणि ती धडपडत, पंख पसरून, पायांवर उभी राहत होती. तिसऱ्यानं मान उचलली, चोच उघडून दोनतीनदा हवा घेतली आणि बारीक आवाजात ओरडलं. चौथं हललं नाही. क्षणभर वाटलं, मी त्यांना सोडलं म्हणून ती उठली. इतकी माझी मती फिरली होती.

मग त्यातलं एक दगडावरून टुणकन उतरलं आणि सकाळी बुजवलेल्या खड्ड्यावरची माती टोचायला लागलं. भुकेलं पिल्लू, दुसरं काही नाही. माझ्या डोक्यातलं धुकं तिथं फाटलं. थंडीनं मरतील म्हणून ज्यांना आत नेलं, ती थंडीतच उठून उभी राहत होती. म्हणजे मारत होतं ते आत होतं.

सात वर्षं मी जुन्या घरात चुलीपाशी पिल्लं वाढवली होती, एक असं मेलं नव्हतं. पण जुन्या घराच्या कौलांतून आभाळ दिसायचं. धूर, वाफ, जे काही असेल ते वर निघून जायचं. नव्या खोलीला वर स्लॅब होता. तिथं कोळसा दिवसरात्र धुमसत होता आणि जमिनीलगत हवा यायला दाराखालची ती बोटभर फट तेवढी होती. पिल्लं दाराकडे तोंड करून का मेली, ते मला कळलं. ती हवेकडे जात होती. आणि ती फट आज सकाळी आत्तींनी बुजवली होती.

मी धावले. कडीपाशी मात्र थांबले. खोटं कशाला सांगू, त्या लिंबाला भ्याले. हात पुढं होईना. आतून काहीच आवाज येत नव्हता, ना शालनचा, ना पोरीचा. मागून पवनचक्कीचा तेवढा येत होता, एकेक श्वास मोजल्यासारखा. मी दोरा दातानं तोडला आणि दार ढकललं.

आत ऊब होती, ओव्याचा विरत आलेला वास सोडला तर दुसरा कसलाच वास नव्हता. शालन उताणी पडली होती. गाल लालबुंद, तुकतुकीत. तिला इतकं सुंदर मी लग्नातही बघितलं नव्हतं. हलवलं तर नुसती कण्हली. पोरीला उचललं तर तिचे हात चिंधीसारखे लोंबले. ओठ गुलाबी, पायाचे तळवे गुलाबी, अगदी पिल्लांसारखे. मी पोरीला काखेत धरलं, कोपऱ्यातला पाट उचलून खिडकीवर घातला, काच खळ्ळकन फुटली, आणि पोरीला घेऊन अंगणात पळाले. दुपटी सोडली. उघड्या अंगानं तिला वाऱ्यात धरून पाठ चोळायला लागले. "घे गं बाय, श्वास घे." ती घेत होती की नाही, मला समजत नव्हतं.

आत्ती आणि तानूकाकी त्याच वेळी पायवाटेनं वर आल्या. देवऋषी घरी नाही असं वाटेतच कळलं, म्हणून त्या अर्ध्यातूनच परतल्या होत्या. त्यांनी काय बघितलं असेल, ते मी पुढं कितीदा मनाशी आठवलंय. कडीचं लिंबू मातीत पडलेलं, खिडकी फुटलेली, आणि वांझोटी सून त्यांच्या नातीला नागडी करून पौषाच्या वाऱ्यात धरून उभी.

"वैजंते! ठेव तिला!" आत्ती किंचाळल्या.

"आत्ती, खोलीत हवा न्हाय! त्या कोळशानं..."

"कोळशाला काय हुतंय? माझी चार बाळंतपणं शेगडीवर झाली!"

"ती कौलाखाली झाली. हितं स्लॅब हाय, आत्ती, कोंडून ऱ्हातंय सगळं. पिल्लं बघा, बाहेर आणली आन् उठली!"

"बघितलंत?" तानूकाकी म्हणाली. "सोडली म्हणून उठली. तीच सांगतीया. आदी पोरीला आत न्या वो, गारठून मरंल."

आत्तींनी पोरीला दोन्ही हातांनी धरलं. मीही सोडलं नाही. आम्ही दोघी तिला ओढत होतो आणि ती मधे नुसती हलत होती, रडत नव्हती. आत्तींच्या अंगात तेव्हा दहा माणसांचं बळ होतं. त्या पोरीला आत नेणार, दार लावणार, शेगडी फुंकणार, आणि हे सगळं मायेनं करणार. मी समजावत बसले असते तर पोरीला तेवढा वेळ नव्हता. आणि माझं ऐकून कोण घेणार होतं? माझ्या बोलण्यातली एकच गोष्ट त्या दोघी मानायला तयार होत्या.

मग मी ती बोलले.

"व्हय. माझीच नजर हाय."

आत्तींचे हात सैल पडले.

"पिल्लं म्याच खाल्ली," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "आता हिच्यावर हाय. त्या खोलीत परत शेगडी पेटली, खिडकी लागली, तर हिला न्हेणार. शालनलाबी न्हेणार. वाऱ्यात ठेवलीसा तर सोडीन."

तानूकाकी मटकन खाली बसली. आत्ती माझ्याकडे बघत राहिल्या. सात वर्षं एका घरात काढलेली बाई, आणि अशी बघत होती की मी आताच कुठूनतरी आले. मग त्या वाकल्या आणि त्यांनी माझे पाय धरले.

"सोड गं बाई तिला. तुला काय पायजे ते घे."

"आदी शालनला बाहेर आणा. बाजेसकट."

त्या दोघींनी बाज अंगणात ओढून आणली. मी पोरीला छातीशी धरून चोळतच होते. किती वेळ गेला कोण जाणे. तिनं पाय आखडला. मग शिंकली. मग तोंड वाकडं करून रडायला लागली, आधी कुरकुर आणि मग टाहो. शालन कुशीवर वळून ओकली आणि तिनं डोळे उघडले. आत्तींनी हात जोडले. देवाला नव्हे, मला.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राच्या नर्सबाई आल्या. विझलेली शेगडी, स्लॅब, फटींतल्या चिंध्या बघून त्यांनी कपाळावर हात मारला. कोंडलेल्या कोळशातून विषारी वायू निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणखी एक तास गेला असता तर दोघी हाती लागल्या नसत्या, असं त्यांनी आत्तींना समोर बसवून सांगितलं. आत्ती "व्हय बाई, व्हय बाई" म्हणाल्या. नर्सबाई गेल्यावर तानूकाकीला म्हणाल्या, "तिनं त्या नर्सचंबी डोस्कं फिरवलं बघ."

पण खिडकी फुटकी राहिली, ती नर्सच्या सांगण्यानं नव्हे, माझ्या धाकानं. सव्वा महिना शेगडी दाराबाहेर होती. मी नुसतं खोलीकडे बघितलं तरी आत्ती उठून दार सताड उघडायच्या.

जालिंदर आला तेव्हा त्याच्या कानावर आधीच गेलं होतं. "तू असं बोललीस?"

"बोलले."

"का?"

मी सगळं सांगितलं. ऐकून तो म्हणाला, "मग सांग की आता सगळ्यांना खरं काय ते."

"सांगते. शेगडी परत आत जाईल, चालंल का?"

तो उठून पाय धुवायला गेला.

नंतर सांगायचं म्हटलं तर उशीर झाला होता. दोन वर्षांनी मला मुलगा झाला, तरी वाडीतल्या बाया मी समोर दिसले की कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतात. आजही घेतात. कुणी आजारी पडलं तर मात्र गुपचूप येतात आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहून म्हणतात, सोड गं. मी म्हणते, सोडलं, खिडकी उघडी ठेव आणि दवाखान्यात जा. बऱ्याच जणी जातात.

शालन सासरी गेली तो दिवस मला स्पष्ट आठवतो. जीप दाराशी उभी होती. ओटी भरून झाली, आत्ती रडत होत्या. मी लांब, गोठ्याच्या भिंतीशी उभी होते. पोरगी दीड महिन्याची झाली होती, चांगली बाळसं धरलेली. मला एकदा तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता, बाकी काही नको होतं. शालननं मला बघितलं. त्या दुपारचं तिला काही आठवत नव्हतं, जे ठाऊक होतं ते आईनं सांगितलेलं. तिनं पदर ओढून पोरीचं तोंड झाकलं आणि घाईनं जीपमध्ये बसली. तिच्या जागी मी असते तर मीही झाकलं असतं.

जीप निघाली. तोंडावर पदर आला म्हणून पोरगी चिडून रडायला लागली होती. जीप दिसेनाशी झाली तरी तिचं रडणं ऐकू येत होतं, भरल्या छातीचं, खालच्या वळणापर्यंत. ते पुरतं ऐकून मग मी घरात गेले.